समोरचं पान

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो बाई एकदाच्या! दुर्ग स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बॅगा आणि गुंजनच्या छातीशी तिचा रंगांचा डबा. पुण्याहून निघाल्यापासून तो तिने खाली ठेवलेला नाही, झोपेतसुद्धा. शामसुंदरजी स्वतः गाडी घेऊन न्यायला आले होते. पोलाद कारखान्यातले निवृत्त अधिकारी, आता आमच्या संग्रहालयाच्या ट्रस्टचे सचिव. मूळचे भंडाऱ्याचे, पण इथे इतकी वर्षं काढलीत की वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. गुंजनला त्यांनी कितवीत आहेस विचारलं. तिने ऐटीत तिसरीत म्हटल्यावर म्हणाले, "अरे वा, मंग तर तू मोठी मॅडम झाली, बहुत बढिया." स्वारी खूश.

भिलाई मनात होती तशी अजिबात नाही. मी धूर आणि काजळी खायच्या तयारीने आले होते. इथे सेक्टरमधले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं, क्वार्टरांपुढे पेरू आणि कढीपत्ता. कारखान्याचा भोंगा झाला की शेजारच्या बाई घड्याळ न बघता कुकर लावतात. संग्रहालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जुन्या मराठी वाचनालयाची बैठी इमारत आहे, दोन दालनं, मागे अंगण.

काम मनासारखं आहे. सचित्र पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, प्रजासत्ताक दिनाला उद्घाटन. नीट झालं तर मला कायम ठेवणार, क्वार्टरसकट. निखिल गेल्यापासून आम्ही मायलेकी भाड्याच्या खोल्या आणि नातेवाइकांची तोंडं बघत फिरतोय. आता पुरे. रोजनिशीही तेव्हाच सुटली होती, आज परत धरली. गुंजन शेजारी पसरलीय, तोंड उघडं, डबा कुशीत. मला आता हिच्याशिवाय दुसरं कुणी नाही आणि तिलाही माझ्याशिवाय. हे गाव आम्हाला मानवलंच पाहिजे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुस्तकं पाहिली. पाहिली म्हणजे काय, दिवसभर त्यातच बुडाले होते, चहा गार झाला तो तसाच ओतून दिला.

ही सगळी शेषराव नावाच्या एकाच माणसाची करणी. ते कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. दिवसा यंत्रांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी कॅम्प-१ वस्तीतल्या घरात लाकडाचे ठसे कोरून हाताने चित्रं छापायचे. शाईसुद्धा घरची, जवसाच्या तेलात काजळी आणि गेरू घोटून केलेली. प्रत्येक पुस्तकाची एखाद-दुसरीच प्रत. ते वारल्यावर सगळी पुस्तकं त्यांच्या शेजारीण वसुंधराताईंनी सांभाळली आणि यंदा आमच्या ट्रस्टला दिली. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत, बोरसीला एकट्या राहतात. मला भेटायला मुद्दाम रिक्षाने आल्या होत्या.

सगळ्यात सुंदर पुस्तक 'दारातली माणसं'. पानोपानी एकेक दार आणि त्यात बसलेली माणसं, एवढंच. मधल्या एका चित्रावरून माझी नजर हलेना. उंबऱ्यावर एक बाई बसलीय, तिच्यापुढे खालच्या पायरीवर, तिला पाठ टेकून एक मुलगी. बाईच्या हातात कंगवा. मुलीची एका बाजूची वेणी घालून झालीय, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. मुलीचा चेहरा मात्र कोरलेलाच नाही, तिथे नुसता कोरा कागद. वसुंधराताई म्हणाल्या, ही शेषरावांची बायको, दुर्गा. याहून जास्त काही बोलल्या नाहीत. निघताना बजावलं तेवढं, की चित्रांवर जे पातळ कागद घातलेत ते असू द्या. "तिच्यावरचा तं हालवूच नका जी. पाहून झालं का झाकून टाकत जा."

मी मान डोलावली. जुन्या वस्तूंना माणसं आपलं माणूस समजतात, मला ते आवडतं. प्रदर्शनाचं मुख्य पान हेच करायचं ठरवलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

चित्रावर पातळ कागद का घालतात, असं गुंजनने विचारलं. सांगितलं, की चित्राची शाई जाड असते. पुस्तक मिटलं की ती समोरच्या पानाला लागते आणि तिथे चित्राची फिकट, उलटी छाप उमटते. ती उमटू नये म्हणून मध्ये हा कागद, तो स्वतःवर घेतो. गुंजन म्हणाली, बिच्चारा.

पण हाच कागद जुना झाला की आंबतो आणि चित्राला खातो. असे कागद काढून नवे, आम्ल नसलेले घालणं हे आमच्या कामातलं अगदी पहिलं पाऊल. बहुतेक कागद नुसते पिवळे पडले होते. दुर्गेवरचा मात्र चॉकलेटी झालेला. उजेडाला धरला तर त्यात ती अख्खी दिसली, उलटी. डोळे, बोटं, कंगव्याचे दातसुद्धा. इतकी गडद छाप मी आजवर पाहिली नव्हती. मूळ चित्रात होती त्याहून ती कागदावरच जास्त होती. वसुंधराताईंचं बोलणं आठवून थोडी थांबले. मग स्वतःलाच दटावलं, बाई गं, तू इथे शिकलेलं वापरायला आलीयस की लोकांच्या भावना जपायला? सगळे कागद काढून टोपलीत टाकले.

मनकर्णाने ते मागच्या अंगणात पाचोळ्याबरोबर जाळले. मनकर्णा इथली झाडलोट आणि चहापाणी बघते. गोंदियाकडची, मोकळी बाई. गुंजन शाळेतून आली की तिचं शेपूट होते. मी पुस्तक टेबलावर तिरक्या स्टँडवर ठेवून दुर्गेचं पान उघडलं. प्रदर्शनात ते असंच दिसणार. फार देखणं दिसत होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गंमतच आहे. परवा पुस्तक मिटताना दुर्गेवर नवा कागद घातला होता. काल काढला तर त्यावर छाप. शाई बोटाला लागत नाही, पार कोरडी आहे. म्हणून जाडसर कागद घातला. त्यावरही छाप. आज सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानातून काच कापून आणली आणि पानासमोर लावली. दुपारी काचेच्या आतल्या बाजूला तेलकट तपकिरी डाग दिसला. आतून पुसला, तर बाहेरच्या बाजूला निघाला.

बाकीच्या चित्रांना काही नाही, ती शहाण्यासारखी आहेत. फक्त ही एक बाई जागेवर राहत नाही. चित्रात ती थोडी फिकी झाल्यासारखी वाटते. पुण्याला आमच्या सरांना फोटो पाठवलेत. ते म्हणाले, घरगुती शाईचा नेम नसतो, काच बाजूला करा आणि पान जरा हवेला उघडं ठेवा.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गुंजनने त्याच टेबलापुढे स्टूल ओढून आपलं ठाण मांडलंय. चित्राकडे पाठ करून बसते, कारण उजेड समोरच्या खिडकीतून येतो. गृहपाठ करते, चित्रं रंगवते, मी माझं काम करते. इतकं शांत आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

आज तिला घरी न्यायला उठवलं तर डाव्या बाजूला घट्ट, रेखीव वेणी. उजवीकडचे केस मोकळे. सकाळी मी सगळे केस वर बांधून पाठवलं होतं. मनकर्णाला म्हटलं, छान घातलीस, पण एकच का? ती हात पुसत बाहेर आली. "मी कुठं घातली जी? मी तं मांगं कप धुवून राहिली होती." गुंजनला विचारलं तर म्हणाली, त्या काकूंनी. कोणत्या काकू? तिने खांदे उडवले आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी येऊन वेणी सोडली. इतकी आवळलेली होती की गुंजनच्या डोळ्यांत पाणी आलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

न्हाऊ घालताना दिसलं. गुंजनच्या मानेवर बारीक तपकिरी रेघा, एकापाठोपाठ एक, कंगव्याचे दात ओढल्यासारख्या. आणि खांद्यावर हाताचा पंजा. बायकी, लांब बोटांचा. साबणाने घासलं, मग खोबरेल तेल लावून घासलं, ती रडायला लागेपर्यंत घासलं. निघत नाही. तो रंग मी ओळखते. गेरू आणि काजळी.

तिला झोपवून संग्रहालयाची किल्ली घेऊन गेले आणि चित्र पाहिलं. दुर्गेचे दोन्ही हात कोपरापासून पुढे पुसट झालेत. कंगवा नाहीच. पुस्तक मिटलं, कापडात बांधलं, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. उद्यापासून गुंजन इथे पाऊल टाकणार नाही.

२ डिसेंबर, सोमवार

कपाटाचा काही उपयोग नाही. गुंजन घरी असते, पुस्तक तिकडे कुलपात, तरी रोज दुपारी वेणी. मी डोळ्यांत तेल घालून समोर बसते. बटाटा चिरायला मान खाली घातली की झालं. एकच बाजू, डावी. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, वर मलाच झोप येते का असं विचारलं. डाग खांद्यावरून पाठीवर उतरलाय. पदराची किनार उमटलीय.

शामसुंदरजींना सगळं सांगितलं. बिचारे ऐकून घेत होते. म्हणाले, नवी जागा, एकटी बाई, "आप टेन्शन मत लो मॅडम, जरा सुट्टी घ्या." हे पुस्तक प्रदर्शनात नको म्हटल्यावर मात्र त्यांनी निमंत्रणपत्रिका पुढे सरकवली. तिच्यावर तेच चित्र छापून आलंय. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. जाऊ दे. मला गुंजन हवीय, अख्खी, पूर्वीसारखी.

४ डिसेंबर, बुधवार

पळून बघितलं. नागपूरची गाडी पकडली. गुंजन खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून. डबा घरीच राहिला होता आणि तिने तो मागितलासुद्धा नाही. राजनांदगाव गेल्यावर मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायला वाकले. वर पाहिलं तर वेणी. भर गाडीत, उन्हात, समोर माणसं बसलेली. समोरच्या आजोबांना विचारलं, तुम्ही कुणाला पाहिलंत का हो? म्हणाले, "तुम्हीच तर वेणी गुंथून राहिल्या होत्या ना, बेटी."

डोंगरगढला उतरलो आणि मिळेल त्या गाडीने परत. ती आमच्याबरोबरच येतेय, मग लांब जाऊन काय करू? ते पान इथे आहे. सुटका असलीच तर इथेच असेल.

५ डिसेंबर, गुरुवार

गुंजन बोलत नाही. मागच्या पायरीवर जाऊन बसते, मान खाली, हात मांडीवर. चेहऱ्यावर काहीच नाही. रागही नाही. मी गाल धरून हलवलं, हाका मारल्या, तिच्या आवडीचा शिरा केला. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं नाही.

"काकू, मले भूक नाही," म्हणाली.

मी तिची आई आहे. मी तिला तीनदा सांगितलं. ती हो म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं.

७ डिसेंबर, शनिवार

बोरसीला जाऊन वसुंधराताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. कागद जाळला म्हटल्यावर त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. "जाळला? कावून जाळला वं?" एवढंच म्हणत राहिल्या. मग सगळं सांगितलं, आधी सांगायला हवं होतं ते.

शेषराव ते चित्र काढत असताना दुर्गा आणि त्यांची एकुलती मुलगी रोज दारात बसायच्या. एक दिवस वेणी अर्धी असताना बाहेर बर्फगोळेवाल्याची घंटी वाजली. मुलगी हातातून सुटून रस्त्यावर धावली आणि ट्रकखाली आली. शेषरावांना पुढे तिचा चेहरा कोरवला नाही. दुर्गा मात्र रोज कंगवा घेऊन उंबऱ्यावर बसायची. ये वं, अर्धीच राहिली, म्हणून हाका मारायची. त्यातच गेली. ती गेल्यावर पुस्तकातल्या समोरच्या पानावर तिची छाप उमटू लागली. शेषरावांनी मध्ये कागद घातला आणि ती त्या कागदावर थांबली. इतकी वर्षं ती तिथेच होती, आणि तिचं थांबायचं ते एकच ठिकाण मी जाळून टाकलं.

शेषराव गेल्यावर वसुंधराताई दर शुक्रवारी पान उघडून तिच्यासमोर थोडा वेळ बसायच्या. "ती पाहे माह्याकडे, न मंग निजे." त्यांना कधी डाग पडला नाही.

त्या माझ्याबरोबर आल्या. पान उघडून समोर बसल्या, गुंजनला शेजारी घेतलं, दुर्गेला नावाने हाका मारल्या, विनवण्या केल्या. काही झालं नाही. चित्रात आता फक्त पायरी, कोऱ्या चेहऱ्याची मुलगी, आणि मागे धुरासारखी एक आकृती. मी म्हटलं, जाळते हे पुस्तक. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "जाळू नको. तिले वापस जायाले तेच एक घर हाय. ते गेलं तं ती तुह्या पोरीतच राहीन."

त्यांना रिक्षात बसवून दिलं तेव्हा त्या पदरात तोंड खुपसून रडत होत्या.

८ डिसेंबर, रविवार

आज तिने हाक मारली. "आई." मी स्वयंपाकघरातून धावत गेले. ती पायरीवर बसली होती, मान वळवून मागे बघत. मागे कुणी नव्हतं. मला पाहिलं आणि चेहरा परत मिटला.

निखिल, मी काय करू? मला सांग ना काहीतरी.

९ डिसेंबर, सोमवार

सुचलं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही? पानावर शाईची छाप पडली की आम्ही काय करतो? कोरा टिपकागद घेतो, छापेवर घट्ट दाबतो, थांबतो. छाप त्याच्यावर येते, पान सुटतं. कागद नाही तर नाही. मी आहे. वसुंधराताई जन्मभर तिच्यासमोर बसल्या, त्यांना काही झालं नाही. मलाही झालं नाही तर उत्तम, आणि झालं तर होऊ दे, मी घेईन. गुंजन सुटली पाहिजे.

सकाळीच तिला संग्रहालयात नेलं. पान उघडं ठेवलं, समोर जमिनीवर बसले, तिला पुढ्यात ओढलं. तिची उघडी पाठ माझ्या छातीशी घट्ट दाबून धरली, दोन्ही हातांनी कवटाळून. म्हटलं, ये, इकडे ये, माझ्यावर ये, हिला सोड. खूप वेळ काही नाही. मग माझ्या छातीत ऊन-ऊन लागलं, तापल्या तव्याजवळ बसावं तसं. गुंजनने एकदम मोठा श्वास घेतला.

तिची पाठ पाहिली. डाग अर्धा उतरलाय. अर्धा माझ्यावर. देवा, जमतंय!

१० डिसेंबर, मंगळवार

परत तसंच बसलो. पाठ साफ. मान साफ. एक रेघसुद्धा नाही. मी तिला उजेडात उभी करून इंच न इंच पाहिली आणि मग मला रडू आवरेना. मनकर्णाही माझ्याबरोबर रडली. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

गुंजन जेवली. पोटभर. वरण-भात आणि वर दोन पोळ्या. जेवताना माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, आई.

आई म्हणाली! मला! मी कितीदा म्हणायला लावलं. आई, आई, आई. माझ्या अंगभर डाग आहे, गळ्यापासून पोटापर्यंत, काही दुखत नाही. राहू दे तिथे. मीही दर शुक्रवारी पानासमोर बसेन, कधीतरी ती परत जाईल. आज मी झोपणार.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी आरशात माझा भांग उलट्या बाजूला होता. विंचरून सरळ केला. परत तिकडेच.

मनकर्णाने विचारलं, "म्याडम, तुमी डावखुऱ्या हाय का जी? कालपर्यंत तं नव्हत्या." खाली पाहिलं तर चमचा डाव्या हातात. आता लेखणीसुद्धा. हे मी डाव्या हाताने लिहितेय आणि मला जड जात नाही.

वसुंधराताईंना फोन केला. आनंदाने सांगितलं, पोरगी सुटली, आई म्हणते मला. त्यांनी विचारलं, तू बसली तरी कशी होती? सांगितलं. पोरीला पुढ्यात घेऊन, मागून धरून.

मग म्हणाल्या, "मले लेकरू नव्हतं वं. म्हणून माह्याकडे पाहून ती निजे. तिले आई होयाचं होतं. तू तिले आई करून ठेवली."

चित्रात बाई मागे, मुलगी पुढ्यात. मी पण अगदी तशीच—

१२ डिसेंबर, गुरुवार

संग्रहालयात जाऊन आले. चित्रात पायरी आहे, मुलगी आहे. उंबरा रिकामा. धूरसुद्धा नाही. समोर बसले, हात जोडले, पानावर छाती टेकवून पडून राहिले. जा. जा ना परत. जात नाही.

सकाळी गुंजनची वेणी घातली. मग सोडली. मग घातली. मला थांबायचं होतं. तिच्या भांगात रक्त आलंय, आणि ती रडत नाही, हसते. वळून बघते आणि आई म्हणते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, माझ्या हातांकडे बघते.

परवा ती मला आई म्हणाली ना— ती मला नव्हतीच म्हणाली—

दुपारी

डोकं ताळ्यावर आहे तोवर लिहिते. मनकर्णाला सांगितलंय. चार वाजता ये, गुंजनला उचल, बोरसीला वसुंधराताईंकडे नेऊन सोड. ती ओरडली तरी ने. मी काहीही म्हटलं, पाया पडले, शिव्या दिल्या, तरी माझं ऐकू नको. ती मी नसेन. मनकर्णा घाबरली, पण हो म्हणाली. शपथ घातलीय तिला.

कंगवा खिडकीतून फेकला. आता बोटांनीच—

गुंजन, बाळा, मोठी झाल्यावर हे वाचशील तर मी तुला सोडलं नाही गं, मी फक्त—

अक्षर माझं नाही हे. इतकं वळणदार मला येत नाही.

निखिलचं नाव आत्ता आठवेना. वर लिहिलंय म्हणून सापडलं. मुलीचं नाव गुंजन. गुंजन. गुंजन. मुलीचं नाव

दार वाजलं. मनकर्णाच. हाक मारतेय. उठ गुंजन, जा, दार उघड आणि पळ— ती उठली— उठली— देवा, जाऊ दे तिला— माझा दुसरा हात तिच्या केसांत

सोडत नाही. मी सोडतेय, हात सोडत नाही. मनकर्णा, दार तोड, कडी आतून मीच— मी नाही लावली—

"आई, कोणी आलं," म्हणते. मी तिला सांगतेय पळ, पळ म्हणतेय मी, पण तोंडातून

कोणी नाही वं माय. बस तू. वाजू दे दार. आता कुठं जायाचं नाही रस्त्यावर. एकच बाजू राहिली तुई, हालू नको, हालू नको म्हटलं ना, हा